वॉल बेडची गादी: आधी टेप, मग वजनकाटा, मग पाठ

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात वन बीएचके, हॉलच्या भिंतीला ७५ बाय ६० इंचांचा वॉल बेड होतोय, म्हणजे भिंतीलगतच्या पेटीत उभा मिटणारा पलंग. पेटी तयार आहे, आतली डेप्थ सुतार ८ इंच सांगतो, मेकॅनिझम, म्हणजे पलंग वर-खाली करायला जोर देणाऱ्या स्प्रिंगा किंवा गॅसचे पंप, अजून यायचंय. सांगलीहून आईबाबा वर्षातले तीन-चार महिने येतात, तेव्हा तेच त्यावर झोपणार. बाबांची कंबर दुखते, आईचे गुडघे. गादीवाला म्हणतो ८ इंची मेमरी फोम (अंगाचा आकार घेत हळूहळू दबणारा फोम) घ्या, सुतार म्हणतो ४ इंची कॉयरच्या, म्हणजे काथ्याच्या गादीच्या, वर जाऊच नका, आणि आईचं म्हणणं, घरात कापसाची चांगली गादी पडलेली असताना खर्च कशाला. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

मी डोंबिवलीत गाद्या बनवतो. वडील कापूस पिंजायचे, मी फोम कापतो. गेली दहा-बारा वर्षं वॉल बेडच्या गाद्यांची कामं वाढली आहेत, कारण घरं लहान होत चालली आणि पाहुणे काही कमी झाले नाहीत. त्या अनुभवावरून सांगतो: तिघांचंही थोडं बरोबर आहे आणि तिघांनीही अर्धाच पलंग बघितलाय. गादीवाल्याने झोपणारा बघितला, सुताराने पेटी बघितली, आईने खर्च बघितला.

साध्या पलंगावरची गादी आयुष्यभर आडवी असते. वॉल बेडची गादी दिवसाचे पंधरा-सोळा तास उभी असते, तीही बंद पेटीत. तुमच्याकडे तर आईबाबा सांगलीला गेले की सलग काही महिने उभी. शिवाय उभ्या मिटणाऱ्या पलंगात बिजागरी उशीकडच्या बाजूला असते आणि पायाकडची बाजू वर जाते. म्हणजे गादी नुसती उभी नाही, शीर्षासनात उभी. त्यामुळे गादी मऊ की कडक हा प्रश्न नंतरचा. ती शीर्षासन करूनही आकार धरून राहील का, पेटीत मावेल का, आणि रोज उचलणाऱ्याला झेपेल का, हे आधी बघायचं.

डेप्थपासून सुरू करू. सुतार ८ इंच म्हणाला, तरी तुम्ही स्वतः टेप लावा. ज्या प्लायच्या पाटीवर गादी बसणार तिथपासून, पलंग मिटल्यावर गादीसमोर जे काही येणार तिथपर्यंत. बहुतेकांचं इथेच चुकतं. मागचा प्लाय मोजतात, पण त्यावर बाहेर आलेला स्विचबोर्ड, वाचायचा दिवा, मधली आडवी पट्टी हे मोजायचं राहून जातं. कॅटलॉगवर ‘मर्फी बेड’ छापलंय म्हणून माप ठरलेलं असेल असंही समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोत असा मिटणारा पलंग बनवणाऱ्या विल्यम मर्फीच्या नावावरून आलेला तो शब्द आता कोणाच्याच मालकीचा नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने तो सर्वसाधारण शब्द ठरवला. तेव्हा त्या नावाखाली प्रत्येकाची पेटी वेगळी.

समजा खरोखर स्वच्छ ८ इंच मिळाले. त्यातून चादर आणि पांघरुणासाठी एक इंच सोडा. गादी मधोमध थोडी फुगीर असते, कापण्यात-शिवण्यात पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होतं, त्याचा आणखी एक इंच. राहिले ६. म्हणजे ८ इंची मेमरी फोम इथेच बाद झाला. दाबून बसवता येते हो, फोमच आहे. पण रोज दाबली जाणारी गादी त्या जागी लवकर मरते आणि सगळा ताण बिजागरीवर येतो. लांबी-रुंदीतही अर्धा-अर्धा इंच कमीच सांगा, साडेचौऱ्याहत्तर बाय साडेएकोणसाठ. चौकटीत ठासून बसवलेल्या गादीला चादर खोचता येत नाही.

आता वजन. इथे सुताराचं गणित चुकतंय, आणि माझंही एकदा सपशेल चुकलं होतं. पातळ गादी म्हणजे हलकी गादी, असं सगळे धरून चालतात. पण वजन ठरतं डेन्सिटीवर, म्हणजे एक घनमीटर मालाचं वजन किती किलो यावर. तुमच्या मापाची ६ इंची गादी म्हणजे साधारण ०.४४ घनमीटर. फोमची डेन्सिटी ४० असेल तर वजन पावणेअठरा किलो, खोळ धरून वीस. तीच गादी रिबॉन्डेडची केली, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला जो कडक माल येतो त्याची, तर डेन्सिटी १०० धरून ४४ किलो. आणि सुताराची ४ इंची कॉयर? रबराइज्ड कॉयरची डेन्सिटी ८० धरली तर २३-२४ किलो. गादीवाल्याची ८ इंची मेमरी, वर ३ इंच मेमरी आणि खाली ५ इंच साधा फोम अशी असेल, तर तीही खोळीसकट पंचवीसच्या आसपास भरते. म्हणजे ज्या दोन गाद्यांवरून तुमच्या घरात वाद चाललाय त्या वजनाला जवळपास सारख्या आहेत.

माझी चूक सांगतो. कल्याणच्या एका घरी पलंग आधीच बसलेला होता. गृहस्थांना कडक गादी हवी होती म्हणून मी रिबॉन्डेडची ६ इंची दिली. देताना दोन माणसांनी उचलली तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. संध्याकाळी फोन आला: पलंग खाली येताना धाडकन येतो आणि काकूंना वर उचलतच नाही. गॅस पंप हलक्या गादीच्या हिशोबाने लावलेले होते. गादी परत आणली आणि दुसरी करून दिली, माझ्या खर्चाने. त्यानंतर मेकॅनिझम कुठलं हे विचारल्याशिवाय मी वॉल बेडच्या गादीचं माप लिहून घेत नाही.

उलटंही होतं. पंप जोरदार आणि गादी हलकी असली की पलंग खाली टेकतच नाही. कोणी बसेपर्यंत पायाकडची बाजू अधांतरी राहते. पंपावर ८०० न्यूटन, १००० न्यूटन असा आकडा छापलेला असतो. १०० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १० किलोचा जोर, पण पंप बिजागरीपासून किती अंतरावर लागतो यावर प्रत्यक्षातली उचल ठरते, तेव्हा हे गणित तुम्ही करू नका, मेकॅनिझमवाल्याला करू द्या. तुम्ही त्याला दोनच आकडे द्यायचे: प्लायच्या पाटीचं वजन आणि गादीचं वजन. तुमचं मेकॅनिझम अजून आलेलं नाही हे तुमचं नशीब. गादी आधी ठरवा, वजन सुताराला लिहून द्या, मग पंप मागवू दे. स्प्रिंगवालं मेकॅनिझम असेल तर स्प्रिंगा कमीजास्त करून जमवता येतं. गॅसचा पंप बदलावाच लागतो. आणि पंप जोडल्यावर गादी न ठेवता पलंग खाली ओढून बघायचा मोह आवरा. तो जोरात वर जातो, हात-हनुवटी काहीही सापडू शकतं.

(भिंत कसली आहे तेही सुताराला विचारून ठेवा. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, काही ठिकाणी जिप्समचे पार्टिशन. वीट किंवा काँक्रीटमध्ये धरणारा साधा फास्टनर ब्लॉकमध्ये तसा धरत नाही. हा गादीचा विषय नाही, पण गादी तिथेच लटकणार आहे.)

आता उभं राहण्याचं. कापसाची गादी यात पहिली नापास. एका आजींच्या हट्टापायी आम्ही करून दिली होती, नेहमीपेक्षा दुप्पट टाके घालून. दोन महिन्यांत कापूस उशीकडे उतरला. डोक्याखाली डोंगर, पायाखाली नुसती खोळ. मेमरी फोमचा दोष वेगळा आहे. तो उष्णतेने मऊ होतो, थंडीत कडक होतो. ठाण्यातल्या मे महिन्यात बंद पेटीत उभा राहिलेला जाड मेमरीचा थर खाली ओघळायला बघतो. लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, झोपायला फार छान, पण जड आणि लवचीक. त्याची अख्खी गादी उभी केली तर पोत्यासारखी बसते. कॉयर आकार उत्तम धरते, हवाही खेळते, पण एकाच जागी रोज झोपून काही वर्षांनी तिला खळगा पडतो आणि तो परत भरून येत नाही. शिवाय ४ इंची कॉयरवर कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला आणि खुब्याला थेट फळी लागल्यासारखं वाटतं. पॉकेट स्प्रिंगची (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली) चांगली गादी कडेने मजबूत असते, उभी नीट राहते, पण या मापात तिचं वजन सहज तीस किलोच्या पुढे जातं. ती घ्यायची तर मेकॅनिझम त्याच हिशोबाचं घ्या.

माझ्या हाताला सगळ्यात कमी तक्रारी आल्या त्या एचआर फोमच्या गाद्यांना. हा पीयू, म्हणजे नेहमीचाच गादीचा फोम, पण जास्त उसळी मारणारा. हाताने दाबून सोडलात की लगेच जागेवर येतो, आणि हाच गुण उभं राहायला उपयोगी पडतो. मात्र डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. डेन्सिटीवरून गादी किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा वेगळा विचारून घ्यावा लागतो. लेबलवर छापलेल्या आकड्यावरही फार विसंबू नका. गादी गुंडाळलेली आली की बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवा. तुमच्या मापाची ६ इंची, नुसत्या ४० डेन्सिटीची गादी जर खोळ वगळून बारा किलो भरली, तर तो माल २७ च्या आसपासचा आहे, वर काहीही लिहिलेलं असो. (फोममध्ये फिलर घालून वजन वाढवणारेही आहेत, पण तो फोम उसळीत पकडला जातो. दाबल्यावर आळसटासारखा सावकाश वर येतो.)

मग बाबांची कंबर. ‘कंबर दुखते ना, कडक गादी घ्या, नाहीतर सतरंजीवर झोपा,’ हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगायचो. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुन्या कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. माझ्या दुकानातही पन्नाशीपुढची माणसं शेवटी त्याच बाजूला वळतात. तरी हे माणसागणिक बदलतं. सडपातळ माणसाला जी गादी कडक वाटते, तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ. बाबांचं दुखणं मणक्यातल्या चकतीचं असेल किंवा पायात कळ जात असेल, तर त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. गादीवर ‘ऑर्थो’ लिहिलेलं असणं म्हणजे कुणा डॉक्टरने ती तुमच्या बाबांसाठी तपासली असं नव्हे.

शक्य असेल तर बाबांना दुकानात न्या आणि बसवू नका, झोपवा. चपला काढून, ते घरी झोपतात तसे, दहा-पंधरा मिनिटं. संकोच वाटतो, माहिती आहे. माझ्याकडे तर लोक बोटाने गादी टोचून निर्णय घेतात. उताणे झोपल्यावर कमरेच्या कमानीखाली तुमचा तळहात सरकवून बघा. आरपार भसकन गेला तर गादी जास्त कडक, घुसतच नसेल तर जास्त मऊ, थोडा अडकत गेला तर ठीक. मग कुशीवर वळायला सांगा. वळताना कण्हले तर ती गादी सोडा.

आईच्या गुडघ्यांचा प्रश्न गादीच्या मऊपणाचा नाही, उंचीचा आहे. वॉल बेड पेटीत मिटावा म्हणून पाटी बरेचदा खाली घेतलेली असते. त्यावर ४ इंची गादी टाकली की सकाळी उठताना आई जमिनीवरून उठल्यासारखी उठणार. आई खुर्चीत बसलेली असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत माप घ्या. पाटी आणि गादी मिळून त्याच्या बरोबरीला किंवा इंचभर वर यायला हवी, कारण बसल्यावर गादी थोडी दबते. पाटी फारच खाली असेल तर गादी जाड करून उंची वाढवू नका, ८ इंच डेप्थचं बंधन आहेच. सुताराला पुढचे पाय आणि बिजागरी वर घ्यायला सांगा, अजून वेळ गेलेली नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करीन? एकूण ६ इंच. खाली साडेचार इंच एचआर फोम, ४० डेन्सिटीचा, कडकपणा मध्यम. वर दीड इंच मऊ एचआर, किंवा बजेट असेल तर लेटेक्स. थर एकमेकांना चिकटवलेलेच हवेत. नुसते खोळीत ठेवलेले थर शीर्षासनात एकमेकांवरून घसरतात. वर जाड पिलो-टॉप, म्हणजे गादीवर शिवलेला उशीसारखा मऊ थर, नको, तोही लोंबतो. वजन बावीस-पंचवीस किलोच्या आत बसेल, एका माणसाला पलंग उचलता येईल. बाबा ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या पुढचे असतील तर खालचा थर ४५-५० डेन्सिटीचा घ्या, दोन-तीन किलोच वाढतील. तुमच्या मापाची मुद्दाम करून घेतलेली गादी बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, ‘शंभर रात्री ट्रायल’ लिहिलेलं असलं तरी, तेव्हा पैसे भरण्याआधी हे विचारा.

गादी जागेवर धरायला दोन पट्टे लागतात. मेकॅनिझमबरोबर बारीक इलास्टिक येतं, ते काढून टाका. त्याने गादीला कायमची वळी पडते आणि वर्षभरात ते सैल होतं. दोन-अडीच इंच रुंद नवार घ्या, पूर्वी पलंग विणायचे तीच, आणि बकल लावून घ्या. एक पट्टा उशीपासून हातभर, एक पायाकडून हातभर. आणि दर दोन-तीन महिन्यांनी गादी फिरवा, उशीकडची बाजू पायाकडे. शीर्षासनाचा भार आळीपाळीने वाटला जातो.

राहिला पावसाळा, आणि ठाण्यात तो राहतोच. रात्रभर घाम शोषलेली गादी सकाळी उठल्या उठल्या पेटीत बंद केली की जुलै संपेपर्यंत कुबट वास येतो, ऑगस्टमध्ये खालच्या बाजूला काळे ठिपके. म्हणून उठल्यावर चादर-पांघरूण काढून पलंग अर्धा तास उघडाच ठेवा, पंखा चालू ठेवून. चहा होईपर्यंत वेळ जातोच. पाटीच्या प्लायला सहा-सात इंचांवर एकेक इंचाची भोकं पाडून घ्या. सुतार कुरकुर करेल, ऐकू नका. पेटीच्या मागच्या प्लायलाही वर-खाली हवेची जाळी हवी. भिंत बाहेरची असेल आणि पावसात ओल धरत असेल, तर पेटी आणि भिंत यांत इंचभर फट ठेवा किंवा ती भिंतच बदला. प्लॅस्टिकचं वॉटरप्रूफ कव्हर सरसकट चढवू नका, वाफ आत कोंडते. आईबाबा गावी असतील त्या महिन्यांत आठवड्यातून एकदा पलंग उघडून ठेवायचा. फोमची गादी मात्र कडक उन्हात टाकू नका, उन्हाने फोम पिवळा पडून कुसकरतो. गॅलरीतली सावली पुरे. गुंडाळून आलेली नवी गादीही दोन-तीन दिवस आडवी पूर्ण फुलू द्या, मगच पेटीत उभी करा.

आता आईची कापसाची गादी. ती वॉल बेडवर चालणार नाही, पण टाकूही नका. पिंजून घेतली तर त्यातून हॉलमध्ये पेटीसमोर टाकायला दोन इंची बैठकीच्या दोन गाद्या सहज निघतील, वर कापूस उरला तर दोन लोड. त्या आईला खरोखर उन्हात टाकता येतील. फक्त दिवसा जागा हवी म्हणून त्या गाद्या पलंगाच्या पेटीत कोंबू नका. तिथे तुमच्याकडे सगळे मिळून दोनच इंच शिल्लक आहेत, आणि ते चादरीचे आणि गादीच्या फुगवट्याचे आहेत.